मेडोज टेलर : पत्रव्यवहार आणि चरित्रसाधने

फिलिप मेडोज टेलर (२५ सप्टेंबर १८०८–१३ मे १८७६) हा निजामाच्या नोकरीतील इंग्रज अधिकारी व दख्खनच्या जीवनावर कादंबऱ्या लिहिणारा ख्यातनाम लेखक. त्याचा जन्म लिव्हरपूल येथे झाला. पंधराव्या वर्षी तो मुंबईतील एका व्यापारी पेढीत नोकरीसाठी आला. परंतु पेढीची स्थिती डबघाईची निघाल्याने १८२४ मध्ये त्याने निजामाच्या फौजेत प्रवेश मिळविला. पुढील सुमारे छत्तीस वर्षे तो हैदराबाद संस्थान व त्याला लागून असलेला मुलूख यांतच वावरला. *कन्फेशन्स ऑफ अ ठग* (१८३९), *टिपू सुलतान* (१८४०), *तारा* (१८६३), *राल्फ डार्नेल* (१८६५), *सीता* (१८७२) व मरणोत्तर प्रसिद्ध झालेली *ए नोबल क्वीन* (१८७८) या त्याच्या कादंबऱ्या होत. यांपैकी *तारा* ही तुळजापूरच्या परिसरात घडते आणि तिला अफजलखानाच्या स्वारीची पार्श्वभूमी आहे.

टेलरच्या कादंबऱ्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. प्रस्तुत नोंदीचा विषय मात्र त्याची पत्रे व अन्य चरित्रसाधने हा आहे. टेलरच्या चरित्रापुढील मुख्य अडचण साधनांच्या दुर्भिक्षाची नाही. त्याच्याविषयी जे सर्वाधिक वाचले जाते ते त्याने स्वतःच, आणि तेही सिद्धहस्त कथाकाराच्या लेखणीने, लिहून ठेवले आहे, ही ती अडचण होय. *द स्टोरी ऑफ माय लाइफ* हे त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये त्याच्या कन्येने संपादून दोन भागांत प्रसिद्ध केले आणि त्याला हेन्री रीव्हची प्रस्तावना जोडली. टेलरने ते आयुष्याच्या अखेरीस, प्रकृती ढासळलेली असताना लिहिले. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे प्रसंग त्यात संवादांसह, रात्रीच्या चांदण्यासह आणि माणसांच्या अश्रूंसह येतात. वाचकाला ते खिळवून ठेवते, यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला पानोपानी एक प्रश्न पडतो : हे स्मरण आहे की रचना? या प्रश्नाचा निर्णय त्याच काळात, परिणाम ठाऊक नसताना लिहिल्या गेलेल्या कागदांवरच होऊ शकतो. अशा कागदांत टेलरच्या खाजगी पत्रांचे स्थान पहिले आहे.

रीव्हला लिहिलेली पत्रे. हेन्री रीव्ह (१८१३–९५) हा टेलरचा नातलग. दोघेही नॉरिचच्या टेलर घराण्याशी संबंधित होते. रीव्ह १८४० पासून लंडनच्या *टाइम्स* पत्रात लिहीत असे व १८५५ मध्ये तो *एडिंबरो रिव्ह्यू* या नियतकालिकाचा संपादक झाला. टेलर रजेवर इंग्लंडला जाऊन १८४० मध्ये हिंदुस्थानात परतला. तेव्हापासून १८५३ पर्यंत त्याने *टाइम्स*चा हिंदुस्थानातील बातमीदार म्हणून काम केले. एका देशी संस्थानाच्या नोकरीत असलेला आणि इंग्रज रेसिडेंटच्या देखरेखीखाली काम करणारा अधिकारी त्याच संस्थानाच्या व रेसिडेन्सीच्या कारभाराविषयी लंडनच्या सर्वांत वजनदार वृत्तपत्राला मजकूर पुरवीत होता, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून या पत्रांचा अर्थ नीट लागत नाही.

ही पत्रे सर पॅट्रिक कॅडेल यांनी संपादून १९४७ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसतर्फे प्रसिद्ध केली. कॅडेल मुंबई इलाख्यात इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते व मुंबईच्या सैन्याचा इतिहास त्यांनी लिहिला होता. दख्खनची भूमी, तिथली सैन्यव्यवस्था आणि अधिकाऱ्यांची नाती यांची त्यांना जाण होती. संग्रह एकतर्फी आहे : टेलरने लिहिलेली पत्रे त्यात आहेत, रीव्हची उत्तरे नाहीत. त्यामुळे कोणत्या प्रश्नाला टेलर उत्तर देत आहे हे अनेकदा अनुमानानेच ठरवावे लागते.

पत्र आणि त्याचे उत्तर यांमधील कालावधीही विचारात घ्यावा लागतो. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजांच्या काळात इंग्लंडचे पत्र हाती पडावयास चार ते सहा महिने लागत. सुएझमार्गे आगबोटींची टपाल सुरू झाल्यावर ही मुदत सहा ते आठ आठवड्यांवर आली. तरी मुंबई बंदरापासून आतल्या मुलखातील ठाण्यापर्यंतचा टप्पा डाकेचे हरकारेच पार करीत. म्हणजे एखाद्या प्रसंगावर टेलरने मत मागितले, तर ते येईपर्यंत तीन-चार महिने उलटत आणि प्रसंग बहुधा निकालात निघालेला असे. या पत्रांत सल्ला मागण्यापेक्षा वृत्तांत सांगण्याकडे व आपली बाजू नोंदवून ठेवण्याकडे कल दिसावा, हे स्वाभाविक आहे. पत्र खाजगी असले म्हणजे ते निःसंकोच असतेच, असा समज चरित्रकारांत आढळतो. तो टेलरच्या बाबतीत तरी सोडून द्यावा. रीव्ह हा आप्त होता, तसाच लंडनमधील प्रभावी माणूसही होता. त्याला लिहिताना टेलर स्वतःची एक प्रतिमा उभी करीत असणारच. पत्रांचे खरे मोल अन्यत्र आहे. त्या त्या दिवशी टेलरला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, ते त्यांवरून कळते. आत्मचरित्रात ही मर्यादा पुसली जाते. तिथे लेखकाला शेवट आधीच माहीत असतो.

हिंगोलीचा व्यापारी. साधनांची परस्परांशी पडताळणी कशी करावी याचे एक चांगले उदाहरण वाशीमच्या शेजारचेच आहे. वाशीमच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी.वर हिंगोली येथे निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. *कन्फेशन्स ऑफ अ ठग*च्या प्रास्ताविकात टेलरने तेथील १८२९ च्या सुमाराची हकीकत दिली आहे. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी छावणीच्या बाजारात राहत असे. खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार झालेला होता. त्याने एकदा जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणारे कॅप्टन रेनल्ड्स यांच्याकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गावचा व्यापारी असेच कापड घेऊन वाटेवर आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याचा, त्याच्या नोकरांचा व गुरे हाकणाऱ्यांचा काटा काढला, माल त्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. हरिसिंग हा ठगांचा नायक असल्याचे पुढे उघडकीस आले. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून काहीशे यार्डांच्या आत खून होत होते, असेही टेलर लिहितो.

मारल्या गेलेल्या व्यापाऱ्याच्या गावाचे नाव टेलर देत नाही. वाशीम हे त्या काळी कापडासाठी नावाजलेले गाव होते. १७६९ मध्ये माधवराव पेशवे व जानोजी भोसले यांच्यात झालेल्या कनकापूरच्या तहात वाशीम व बाळापूर येथे विणलेल्या कापडाचा स्वतंत्र उल्लेख आला, इतकी त्याची ख्याती होती. अमरावतीकडून हैदराबादेस उतरणाऱ्या वाटांपैकी एक कारंजे, मंगरूळपीर व वाशीम या टापूतून हिंगोली-नांदेडकडे जाई. आणि टेलरच्या कादंबरीचा निवेदक अमीर अली हाही उमरावतीहून हैदराबादेकडेच निघतो. एवढे दुवे हाती आल्यावर ते गाव वाशीमच असले पाहिजे, असे म्हणण्याचा मोह स्थानिक इतिहासकाराला होणे साहजिक आहे. तथापि ‘फार दूर नसलेले’ या शब्दांत कळमनुरी बसते, उमरखेड बसते आणि आणखी दहा बाजारपेठाही बसतात. कादंबरीच्या प्रास्ताविकातील एका वाक्यावर गावाचा इतिहास उभारणे हे संशोधन नव्हे. या प्रसंगाचा निर्णय झालाच, तर तो ठगीविरुद्धच्या मोहिमेतील जबान्या व अहवाल यांच्या आधारेच होईल.

मात्र या हकीकतीत एक गोष्ट पक्की आहे आणि चरित्रकाराने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. प्रास्ताविक १८३९ मध्ये छापले गेले तेव्हा रेनल्ड्स व ठगीच्या शोधात अग्रेसर असलेला विल्यम स्लीमन हे दोघेही हयात व नोकरीत होते. स्लीमनचा ठगांच्या सांकेतिक भाषेवरील *रामासीआना* हा ग्रंथ तीनच वर्षांपूर्वी (१८३६) प्रसिद्ध झाला होता. चुकीचे विधान तत्काळ खोडले जाण्याची भीती असताना केलेल्या कथनाचे प्रामाण्य अधिक.

याच्या शेजारी आत्मचरित्रातील दावा ठेवून पाहावा. नैर्ऋत्य भागात पोलीस अंमलदार असताना, तुळजापूरच्या बाजूस, आपणास काही संशयास्पद टोळ्यांचा सुगावा लागला होता; मात्र ऐन वेळी पलटणीवर परत जाण्याचा हुकूम आला, नाही तर ठगीचे रहस्य प्रथम उलगडण्याचे श्रेय आपणास मिळाले असते, असे टेलरने तेथे सुचविले आहे. हे छापले गेले तेव्हा स्लीमनला मरून एकवीस वर्षे झाली होती आणि टेलर स्वतःही हयात नव्हता. दावा खोटाच आहे असे म्हणण्याचे कारण नाही; त्या मुलखात ठग वावरत होते हे निर्विवाद आहे. परंतु ‘संशय आला होता’ आणि ‘शोध लागत आला होता’ यांत अंतर आहे, आणि ते अंतर चाळीस वर्षांच्या स्मरणात मिटू शकते. टेलरच्या अनेक चरित्रपर लेखांत हा दावा सिद्ध घटना म्हणून उतरवून घेतलेला आढळतो. तो दावा म्हणूनच नोंदविला पाहिजे.

वऱ्हाडातील कारकीर्द. कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग-धाराशिवचा भाग इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला. वऱ्हाडचे दोन जिल्हे करण्यात आले : उत्तर वऱ्हाडचे मुख्यालय बुलढाणा व दक्षिण वऱ्हाडचे हिंगोली. वाशीमचा मुलूख या दोन ठाण्यांच्या दरम्यान येतो. टेलरची प्रथम नळदुर्गला उपायुक्त म्हणून नेमणूक झाली. तो निजामाच्या नोकरीतला, कंपनीच्या सनदी नोकरवर्गाबाहेरचा माणूस असल्याने ही नेमणूक त्याच्या दृष्टीने मोठी बढती होती. १८५७ च्या ऑगस्टमध्ये, उत्तरेत उठाव पेटलेला असताना, त्याला उत्तर वऱ्हाडात पाठविण्यात आले. सैन्य देता येणार नाही, आहे त्यात निभवावे, अशा आशयाचा रेसिडेंटचा हुकूम आपणास मिळाला, असे तो सांगतो. वऱ्हाड त्या वर्षी शांत राहिला. मध्य हिंदुस्थानाकडे निघालेल्या इंग्रजी फौजेच्या तोफखान्यासाठी टेलरने गाड्यांचे बैल जमविले व पाठविले. १८५८ मध्ये त्याची सुरपूरकडे बदली झाली.

आत्मचरित्र वाचताना वऱ्हाड शांत राहिला तो टेलरच्या वैयक्तिक वजनामुळे व रयतेच्या विश्वासामुळे, असा समज होतो. टेलर लोकांत मिसळणारा होता आणि रयतेशी त्याचे वर्तन त्या काळच्या मानाने सौजन्याचे होते, हे मान्य केले पाहिजे. पण एका उपायुक्ताच्या आठ-दहा महिन्यांच्या वास्तव्याने एवढा प्रदेश शांत राहत नसतो. निजाम अफजलउद्दौला व त्याचा दिवाण सालारजंग यांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही. वऱ्हाडात मोठे जहागीरदार व बंडात सामील होण्यास तयार अशा पलटणी उत्तर हिंदुस्थानच्या तुलनेने थोड्या होत्या. जमीनमहसुलाची नवी व्यवस्था नुकतीच सुरू होत होती व तिचे चटके अजून बसावयाचे होते. ही कारणे टेलरच्या कथनात मागे पडतात. ए. सी. लायल याने संपादिलेल्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरसारखी साधने शेजारी ठेवली म्हणजे चित्र अधिक समतोल होते. टेलरच्या वऱ्हाडविषयक पानांना म्हणूनच प्रत्यक्षदर्शीचे निवेदन म्हणून मोल द्यावे. परंतु त्यांतील कार्यकारणभाव तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

कौटुंबिक बाजू. टेलरने १८३२ मध्ये हैदराबादचा सुप्रसिद्ध सावकार विल्यम पामर याच्या कन्येशी, मेरीशी विवाह केला. ती १८४४ मध्ये वारली. विल्यम पामर हा जनरल पामर व त्यांची मुसलमान पत्नी फैज बख्श बेगम यांचा पुत्र. पामर कंपनीने निजामाच्या सरकारला दिलेली प्रचंड कर्जे व त्यांवरून उठलेले वादळ हैदराबादच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पामरच्या घरी भरणाऱ्या विद्वज्जनांच्या बैठकींचे टेलरने आत्मचरित्रात मोठ्या आत्मीयतेने वर्णन केले आहे. संस्थानच्या राजकारणाची त्याला जी अंतस्थ माहिती होती, ती बऱ्याच अंशी या घरातून आली असावी. तरीही आपल्या मुलींची पणजी हिंदुस्थानी बेगम होती, या नात्याला आत्मचरित्रात फार थोडी जागा मिळाली आहे.

या मौनाचा अर्थ लावताना घाई होते. आत्मचरित्राचे संपादन कन्येने केले. १८७७ च्या इंग्लंडमध्ये मिश्र वंशाकडे अठराव्या शतकाइतक्या उदारतेने पाहिले जात नव्हते. मजकूर मुळातच त्रोटक होता की संपादनात कमी झाला, हे छापील पुस्तकावरून ठरत नाही. अशा वेळी काही समीक्षक *सीता* या कादंबरीकडे वळतात. तिच्यात एक इंग्रज मुलकी अधिकारी हिंदू विधवेशी विवाह करतो व स्वजातीयांचा दुरावा सोसतो. म्हणून ही टेलरची स्वतःची कथा, असे समीकरण मांडले जाते. ते टिकणारे नाही. पामर घराण्यातील सुशिक्षित मुलीशी झालेला ख्रिस्ती विवाह आणि कादंबरीतील विवाह यांत साम्यापेक्षा भेदच अधिक आहे. कादंबरीवरून लेखकाच्या आस्थेचा विषय कळतो, चरित्रातील घटना कळत नाही.

सुरपूर. येथील प्रकरण (सांप्रत कर्नाटकातील यादगीर जिल्हा) बहुश्रुत असल्याने त्याचा निर्देश पुरे. टेलरने १८४० च्या दशकापासून १८५३ पर्यंत अल्पवयीन राजा वेंकटप्पा नायक याच्या वतीने तेथील कारभार पाहिला. राजाने १८५८ मध्ये उठाव केला, तो पकडला गेला आणि कैदेत नेले जात असताना गोळी लागून मरण पावला. त्याच्या अकाली मृत्यूचे भविष्य पत्रिकेत वर्तविलेले होते व ते आपणास पूर्वीच सांगण्यात आले होते, ही आत्मचरित्रातील कथा सर्वांत जास्त उद्‌धृत होते. आत्मचरित्रातील कोणताही भाग इतका कादंबरीसारखा नाही. नेमक्या अशाच ठिकाणी चरित्रकाराने समकालीन पत्र मागितले पाहिजे.

प्रकाशकांशी पत्रव्यवहार. टेलरची पहिली कादंबरी लंडनच्या रिचर्ड बेंटलीने छापली. *तारा*पासून एडिंबरोच्या ब्लॅकवुड या प्रकाशनगृहाशी त्याचा संबंध आला. ब्लॅकवुडचे दप्तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लेखक व प्रकाशक यांच्यातील पत्रे रुक्ष असतात. पाने किती, मोबदला किती, प्रूफे केव्हा एवढेच त्यांत असते. पण त्यांवरील तारखा खोटे बोलत नाहीत. *तारा*, *राल्फ डार्नेल* व *सीता* या अनुक्रमे १६५७, १७५७ व १८५७ या वर्षांभोवती रचलेल्या कादंबऱ्यांची योजना केव्हा आखली गेली व प्रत्यक्ष लेखन केव्हा झाले, असे प्रश्न अशा कागदांवरच सुटतात. डेव्हिड फिंकेलस्टाइन यांनी १९९० मध्ये टेलरची ग्रंथसूची प्रसिद्ध केल्यानंतर या अंगाच्या अभ्यासाला निश्चित पाया मिळाला.

मराठीत या प्रकारच्या साधनांकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. हरिभाऊ आपटे यांनी काशीबाई कानिटकरांना लिहिलेली पत्रे काशीबाईंनी जपली म्हणून आधुनिक मराठी कादंबरीच्या प्रारंभकाळाचा एक विश्वसनीय दस्तऐवज हाती राहिला. अन्य अनेक कादंबरीकारांच्या बाबतीत तेवढेही झालेले नाही.

दप्तरांची स्थिती. टेलरच्या वऱ्हाडातील कारकीर्दीचे सरकारी कागद एका ठिकाणी सापडत नाहीत आणि त्याचे कारण वऱ्हाडच्या प्रशासकीय इतिहासात आहे. १८५३ नंतर येथील अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार हैदराबादच्या रेसिडेंटशी होई व त्याच्यामार्फत तो हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे जाई. १८६० मध्ये नळदुर्ग, धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले आणि सुरपूरही त्याला देण्यात आले. त्याबरोबर त्या भागांच्या कारभाराची सूत्रेही हैदराबादेस गेली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला व त्याचे प्रशासन नागपूरला आले. इंग्रजी अमदानीत निर्माण झालेला वाशीम जिल्हा १९०५ मध्ये रद्द होऊन अकोल्यात विलीन झाला. तो १ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आला. त्यामुळे वाशीमच्या अभ्यासकाला १८५७–५८ च्या आपल्याच मुलखाचे कागद पाहावयाचे असतील, तर हैदराबाद, नागपूर, नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर अशा चार ठिकाणी शोध घ्यावा लागतो. ठगीविषयक जबान्यांची मुख्य दप्तरे दिल्लीस आहेत. हिंगोलीच्या हरिसिंगाने मागितलेला कापडाचा परवाना आणि त्या व्यापाऱ्याचे गाव यांचा शोध त्यांतच घ्यावा लागेल.